झपताल कच्चा आहे

"परीक्षा पास होईपर्यंत रोज संध्याकाळी फोन करीन, बाबा," असं तिने कबूल केलं, तेव्हा बाबा संगीताच्या मध्यमा परीक्षेच्या शास्त्राच्या पेपरची तयारी करत होते. दूरच्या शहरात ऑफिसातून घरी परतताना ती त्यांनीच पाठवलेल्या यादीतले प्रश्न विचारायची. राग, थाट, वादी, संवादी ते घडाघडा सांगायचे आणि झपतालाच्या मात्रांपाशी हमखास अडायचे.

"बारा?"

"दहा हो, बाबा! किती वेळा सांगू?"

"डोक्यात दगड भरलेत गं. यंदा नकोच बसायला. उद्या परत विचार."

अशी तीन वर्षं गेली. मग बाबाच गेले.

त्यांची पेटी त्यांच्या गाण्याच्या क्लासला द्यायला ती गेली, तेव्हा न राहवून शिकवणाऱ्या बाईंना म्हणाली, "त्यांची परीक्षा राहूनच गेली. झपताल काही शेवटपर्यंत डोक्यात शिरला नाही."

पेटी कोपऱ्यात ठेवता ठेवता बाई वळल्या.



"अहो, इथल्या नव्या मुलांना झपताल तेच शिकवायचे, परीक्षा तर ते पहिल्याच वर्षी पास झाले होते."