खंड्याचा पट्टा

उमरठचा महिपत मुंबईला पोराकडे निघाला, तेव्हा त्याने आपला खंड्या महाडात देवश्रीच्या दुकानात ठेवला. ती कुत्र्यांना न्हाऊ घालायची, केस कापायची आणि मालक गावाला गेले की सांभाळायचीही.

खंड्याच्या गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा होता. बिबट्याने मान धरू नये म्हणून डोंगराकडे कुत्र्यांना असा पट्टा घालतात.

"पट्टा तेवढा काढू नका, ताई," महिपत निघताना म्हणाला. "आंघोळीलाबी नाय."

पण पट्ट्याखाली कातडी कुजते, हे देवश्रीने कितीदा पाहिलं होतं. दुपारी तिने खंड्याला टबात उभं केलं आणि पट्टा सोडून खुंटीला अडकवला.

पिंजऱ्यांतली सगळी कुत्री एकदम गप्प झाली आणि अंग चोरून कोपऱ्यांत सरकली.

खंड्या मात्र खुशीत होता. त्याची शेपटी टबावर धप् धप् आपटत होती.

मानेला साबण चोळताना देवश्रीचं बोट आत गेलं. केसांखाली चार खोल भोकं होती. रक्ताचा थेंब नव्हता. एका भोकात शिरलेलं पाणी पलीकडच्या भोकातून स्वच्छ बाहेर येत होतं.

खंड्याने तिचा हात चाटला. जीभ गार होती.

तिने धावत जाऊन काउंटरवरचा फोन उचलला. "महिपतकाका, अहो, याच्या मानेला..."

"पट्टा काढलात?"

"आंघोळीपुरताच काढला, काका."

"ताई," महिपतचा आवाज एकदम खाली आला, "तुमचं तोंड त्याच्याकडंच हाय ना?"

देवश्रीची पाठ टबाकडे होती.

मागे नळ चालू होता. शेपटीचा आवाज थांबला होता.