सख्ख्या भावाला कळवा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. थोरल्याचा मोठ्या आतड्याचा कर्करोग आता यकृतात पोचला होता, आणि त्याचं मूळ जनुकातल्या आनुवंशिक दोषात होतं.

"हा दोष तुमच्या सख्ख्या भावातही असू शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेत कळलं तर माणूस वाचतो. आजच कळवा त्यांना."

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, त्याला नऊ वर्षं होत आली होती. घरी आल्यावर थोरला तासभर नुसता फोन हातात धरून बसला.

"अहो, लावा आता. अजून किती ताणणार?" बायको म्हणाली.

त्याने फोन लावला. "हे बघ, भांडण राहू दे बाजूला. रक्त तपासून घे. आतड्याच्या कर्करोगाचा दोष आपल्या घराण्यातच आहे म्हणे."

"माझी तपासणी चार वर्षांपूर्वीच झाली, दादा," धाकटा म्हणाला. "हाच दोष निघाला. गाठ हरभऱ्याएवढी होती, तेव्हाच काढून टाकली. आता ठणठणीत आहे मी."

थोरल्याचा आवाज चढला. "चार वर्षं! आणि सख्ख्या भावाला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"फोन तू उचलत नव्हतास. म्हणून अहवालाची प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली होती."

 

पाकिटावरचं अक्षर ओळखून थोरल्याने ते दारातूनच परत पाठवलं होतं. धाकट्याच्या कपाटात ते अजून तसंच आहे, न फोडलेलं.