पिवळा टी-शर्ट

सलग तिसऱ्या रविवारी अतिकने माझ्या फोटोचा सत्यानाश केला होता.

भुसावळ स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून आम्ही दोघं इंजिनांचे फोटो काढतो. पाठीवर इंजिन छापलेले पिवळे टी-शर्ट फक्त आम्हा दोघांकडेच आहेत. आणि माझ्या प्रत्येक फोटोत येणाऱ्या इंजिनासमोर, रुळांच्या मधोमध, पाठमोरा पिवळा टी-शर्ट! दोन्ही हात वर करून!

"प्रशील, मी तुझ्या मागेच उभा होतो रे," अतिक म्हणाला.

"मग हा कोण, तुझं भूत?" मी खेकसलो.

बाकावरच्या भिकाआबांनी कॅमेऱ्यात डोकावलं. आबा रेल्वेचे रिटायर्ड गँगमन.

"हाई मस्करी नही शे, भाऊ. दोन्ही हात वर म्हंजे लाल झेंडी. गाडी थांबाडाना इशारा शे."

मी आबांवरही भडकलो.

चौथ्या रविवारी अतिकला बजावलं, "माझा खांदा धरून उभा राहा. हात सुटला तर दोस्ती संपली."

इंजिन आलं. समोरचे रूळ रिकामे होते. खांद्यावरचा हात घट्ट होता. मी बटण दाबलं आणि स्क्रीन पाहिली. पाठमोरा पिवळा टी-शर्ट. दोन्ही हात वर.

"आता बोल, हलकटा!" मी ओरडत मागे वळलो.

मागे कोणीच नव्हतं. अतिक लांब, प्लॅटफॉर्मवरून गळा फाडून मला हाका मारत होता. खांद्यावरचा हात मात्र सुटला नव्हता.

माझ्या पायाखाली रुळांमधली खडी करकरली. हॉर्न थांबत नव्हता. मी इंजिनाकडे वळलो आणि दोन्ही हात वर केले.