चाळीस पट्ट्या

भट्टीवरच्या दर कामगारामागे ईसीजी काढणाऱ्या टेक्निशियनची दहा मिनिटं वाचत. त्यांच्या घामट छातीला वायरी लावायच्या सोडून तो स्वतःच्याच छातीला लावी आणि निघालेल्या पट्टीवर त्यांचं नाव घाली. चाळीस माणसं, चाळीस ठणठणीत हृदयं!

आज त्यांच्यातल्या एकाची बायको दोन पट्ट्या घेऊन दवाखान्यात आली.

“ही माझ्या नवऱ्याची, ही दिराची. रेघ न् रेघ तीच! धडधाकट म्हणून लिहिलंस आणि माझा नवरा भट्टीपुढेच कोसळून गेला!”

“मशीन बिघडलं असेल, ताई.”

“मग लाव स्वतःला. माझ्यासमोर!”

त्याने हसत वायरी चिकटवल्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यात पडणारी ठिणगी, तिचं क्षणभर थबकणं, मग खाली उसळणारा ठोका, यातलं काहीच उमटेना. कागदावर नुसती सरळ रेघ सरकत होती.

“नाटकं पुरे!” म्हणत तिने वायरी ओढून आपल्या हाताला लावल्या. तिचा संतापलेला ठोका कागदभर नाचला.

मशीन ठीक होतं. त्याने पुन्हा स्वतःला लावलं. सरळ रेघ. त्याने मनगट दाबलं. बोटांना काहीच लागलं नाही.

“ताई, मी बोलतोय ना?”

चाळिसांपैकी एका पट्टीची किंमत तिने मोजली होती. उरलेल्या एकोणचाळिसांची किंमत त्याच्या छातीतून वळती झाली होती.