आजच न्या

"अरे, ढकलू नका, एकेकाने या!" ऑरव्हिल टांगेन गल्ल्यामागून ओरडला, पण ऐकतोय कोण! शुक्रवारी सकाळपासून त्याच्या बंदुकांच्या दुकानात जत्रा भरली होती. राजधानीत नवं विधेयक आलं होतं: बंदूक घेतली तरी तीन दिवस थांबायचं, मगच ती हातात मिळणार. झालं, अख्ख्या मोंटाना राज्याला आजच बंदूक हवी होती. वर्षभर धूळ खात पडलेल्या मालासाठी माणसं हमरीतुमरीवर आली होती. ऑरव्हिल विधेयकवाल्यांना शिव्या घालत होता, पण असा धंदा त्याला दुसऱ्या कुणी करून दिला नसता. दारात त्याने स्वतः रंगवलेली फळी टांगली होती: 'थांबता कशाला? आजच न्या!'

एरवी त्याची एक रीत होती, वडिलांपासून चालत आलेली. गिऱ्हाइकाला कॉफी द्यायची आणि विचारायचं, "काय मारायचंय?" कुणी एल्क हरिण म्हणे, कुणी कोल्हा, आणि गप्पा रंगायच्या. उत्तर पटलं नाही तर बंदूक परत कपाटात जायची. आज कॉफी करायला सवड कुणाला होती?

रांगेत लाइल हॉफर्ट दिसला आणि ऑरव्हिलला भरून आलं. दोघांनी जन्मभर बरोबर शिकार केली होती. पण बायको गेल्यापासून लाइल डोंगराकडे फिरकला नव्हता. रायफली, कुत्रं, सगळं त्याने वाटून टाकलं होतं.

"तूसुद्धा आलास, लेका! बघा रे, याला म्हणतात दोस्त!"

लाइल कसनुसा हसला. त्याने एका लहान रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं. नावावर गुन्हा आहे का, याची फोनवरची तपासणी चुटकीसरशी झाली. काडतुसांचा तुटवडा होता, माणशी एकच पेटी मिळत होती. ऑरव्हिलने ती पुढे केली, तर लाइलने मान हलवली.

"पेटीभर काय करू? दोन-चार दे. बाकीची यांना लागतील."

"शिका जरा, हावरटांनो!" ऑरव्हिल रांगेवर खेकसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शनिवारी पहाटे लाइलच्या गोठ्यात गोळी झाडल्याचा आवाज झाला. शेजारी धावले, पण उपयोग नव्हता.

पुढच्या आठवड्यात विधेयक पडलं. भीती ओसरली तसं गिऱ्हाईकही ओसरलं. ऑरव्हिलने कॉफी पुन्हा चढवली. दार वाजलं. त्याने मान वर न करताच सवयीने विचारलं, "काय मारायचंय?"

समोर मारित, लाइलची मुलगी, उभी होती. दारातली फळी तिने काढून आणली होती. ती तिने गल्ल्यावर ठेवली.

"बाबांना माझ्याकडे न्यायला मी रविवारी पोचले, काका," ती म्हणाली. "तोवर तरी थांबवायचं होतंत."