अकरावं नाव

१९९९ च्या एप्रिलात प्रज्ञेश मुंबईहून देवरूखजवळच्या आपल्या गावी एक कागद घेऊन आला. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला लढायला गेलेल्या गावच्या अकरा शिपायांची ती यादी होती. त्यासाठी त्याने दोन वर्षं सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले होते. शेवटचं नाव त्याच्या आजीच्या, म्हणजे जाईबाईच्या, वडिलांचं होतं. ते लढाईवर गेले तेव्हा ती आईच्या पोटात होती. ते परतलेच नाहीत. लहानपणी कुणी फौजी रजेवर आला की ती त्याच्या मागे धावायची.

भर दुपारी पडवीत बसून आजी म्हणाली, "बाला, मोठ्यानं वाच."

"भिवा राघो."

अंगणात बुटाची टाच आपटली. प्रज्ञेशने मान वर केली. अंगणात कुणीच नव्हतं.

"सोनू लखू."

पुन्हा टाच आपटली.

दहाही नावांना तसंच झालं. प्रज्ञेश दर नावानंतर अंगणाकडे बघत होता. आजी मात्र मन लावून ऐकत होती.

"काशीराम धाकू."

अंगण गप्प राहिलं. आजीचे डोळे भरून आले.

"परत वाच. त्येंना ऐकू ग्येलं नसंल."

त्याने पुन्हा नाव घेतलं.

या वेळी टाच आपटली ती घरात, आजीच्या अगदी पाठीमागे. तिने वळून पाहिलं नाही. नुसता पदर सारखा केला.

"बाबा," ती हसून म्हणाली, "बूट भायेर काढा. आताच सारवलंय."