हामानच्या नावाने बोंब

सिपोराबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि एस्तेरची पोथी उघडली. कालचा उपास निभावला होता, पुरण वाटून झालं होतं. आता वाचन तेवढं राहिलं होतं.

"आई, पुरीमच्या सणाला ठाण्यात आपलं अख्खं सिनेगॉग भरतं," खुर्चीत बसलेला एलियास म्हणाला. आईला कायमची न्यायला तो काल आला होता. "इथे धुळ्यात ज्यूंचं आपलं एकच घर. उद्या तुला काही झालं, तर धावून कोण येणार? वाचन झालं की बॅग भर."

सिपोराबाईंनी पोथीचं पहिलं पान सरळ केलं. सणाच्या दिवशी मुलाशी वाद नको.

सतरंजीवर शेजारच्या कमलबाई आणि त्यांची सून दिपमाला थाळ्या-पळ्या घेऊन बसल्या होत्या. सिपोराबाईंनी त्यांना आधीच समजावलं होतं, "हामान म्हणजे दुष्ट प्रधान. आमचं सगळं कुळच कापायला निघाला होता, एस्तेर राणीने वाचवलं. त्याचं नाव आलं की असा गोंगाट करायचा, की नाव ऐकूच येऊ नये."

दोन अध्याय झाले तरी हामान येईना. राजाच्या मेजवान्याच संपेनात. कमलबाईंचा पळीचा हात अवघडला.

"येस का नई तो मुडदा?"

तिसऱ्या अध्यायात एकदाचा आला. दिपमालाने थाळी बडवली. कमलबाईंचं मात्र थाळीवर समाधान होईना. दिवस होळीचे. त्यांनी पळी खाली टाकली, पालथी मूठ तोंडावर नेली आणि खणखणीत बोंब ठोकली. सिपोराबाईंना ती इतकी आवडली, की तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. पुन्हा बोंब. मग आणखी एकदा.

दार धाडकन उघडलं. दारात समोरचे झुलालआबा, अनवाणी, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. त्यांच्यामागे निंबाभाऊ, कानाला फोन. त्यांच्यामागे राजकुंवरभाभी, मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून स्वतःच्या घरचा उकळता चहा किटलीत ओतून आलेल्या. आणि त्यांच्यामागे सगळी गल्ली.

आबांनी सिपोराबाईंकडे डोळे फाडून पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

"अक्का! तू ते जित्ती शेस!"

"आहे ना, आबा."

"मंग गया कोन?"

"हामान," कमलबाई म्हणाल्या. "आजून गया नई. पुढे फाशी शे त्याले."

"कथला शे तो?"

"इराणकडचा," सिपोराबाई म्हणाल्या.

आबा विचारात पडले. "धुळामा त्यानं कोनी शे का?"

"कोणी नाही, आबा."

"आरेरे! मंग खांदा कोन दी?"

दिपमाला फिस्सकन हसली आणि मग कोणालाच आवरेना. सिपोराबाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला. निंबाभाऊ तेवढे कोपऱ्यात वळून फोनवर दबक्या आवाजात सांगत होते, "बांबू राहू दे रे. हारबी राहू दे. अक्का पोथी वाची राह्यनी."

सणाच्या दिवशी दाराशी आलेल्याला परत कसं पाठवायचं? "आलाच आहात तर बसा," सिपोराबाई म्हणाल्या. "पोळी खाऊन जा."

गल्ली बसली. चहा फिरला. एलियासने खुर्ची आबांना दिली, सतरंजीवरची जागा भाभींना दिली, भिंतीकडची निंबाभाऊंना दिली, आणि सरकत सरकत उंबऱ्याबाहेर चपलांच्या ढिगाशी जाऊन टेकला.

सिपोराबाईंनी पदर सावरला, डोळे पुसले आणि आपल्या हळू आवाजात वाचायला घेतलं.

"आई," बाहेरून हाक आली, "जरा मोठ्याने वाच ना. इथवर काही ऐकू येत नाही."